शेंदराखालचा नंबर

मी दुसरीतून शाळा सोडली. मीच सोडली, मला कोणी काढलं नव्हतं. गावात अजून एकदोघं उलटं सांगतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मराठी मला अक्षराला अक्षर जोडत वाचता येतं. इंग्रजी येत नाही. पण इंग्रजी आकडे येतात, आणि ते कोण्या मास्तरानं शिकवले नाहीत. ते मी बंदुकीवर शिकलो.

बंदूक वडिलांची. एकनळी, ठासणीची. नळीत वरून दारू ओतायची, चिंधीचा बोळा घालायचा, गजानं ठासायचं, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, आणि शेवटी घोड्याखाली बार पेटवणारी टोपी बसवायची. एवढं होईपर्यंत डुक्कर पोट भरून दुसऱ्याच्या शिवारात गेलेलं असायचं. पण बार झाला की आवाज डोंगरापर्यंत जायचा, आणि मग काही दिवस जनावर इकडे फिरकायचं नाही. आमचं वावर शेंदूरजनाघाटाच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायाशी. खाली दर्यापूरकडच्या सपाट मुलखातल्या माणसाला आमचा त्रास समजत नाही. त्यांच्या जवारीवर पाखरं येतात. आमच्या जवारीत डुकरं शिरली की वावर लोळवल्यासारखं होतं, आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आला तर उरलेलं तोही खाऊन जातो.

नळीच्या बुडाशी, वरच्या अंगाला, नंबर कोरलेला होता. वडील ओसरीत बंदूक पुसायला बसले की मी त्यावरून बोट फिरवायचो. आकडे खोल होते, बोटाला लागायचे. वडील म्हणत, "हा सात. याले पाय एकच असते. हा चार, खुर्चीवानी." अशी माझी इंग्रजी शाळा झाली, आणि ती मी सोडली नाही.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि राज्य इंग्रजाचं. बंदूक ठेवायची तर परवाना लागे. आमचा परवाना पिकाच्या राखणीचा. तो मी शाळेतल्या मास्तराकडून वाचून घेतला आणि पाठ केला. मला एक भजन धड येत नाही, पण परवाना अजून येतो. बंदूक आपल्याच शिवारात वापरायची. बाजारात, जत्रेत, लग्नाच्या वरातीत न्यायची नाही. दारू, छर्रे, टोप्या कागदावर लिहिल्या तेवढ्याच ठेवायच्या, एक जास्त नाही. परवानेदाराशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही, मग तो सख्खा भाऊ असो. वर्ष सरलं की बंदूक आणि परवाना घेऊन तहसिलीत हजर व्हायचं, तिथे नंबर तपासून घ्यायचा, मग पुढच्या वर्षाचा शिक्का. आणि परवानेदार मेला, तर घरच्यांनी बंदूक ताबडतोब ठाण्यात जमा करायची.

हे शेवटचं कलम मी पाळलेलं आहे. वडील गेले तेव्हा त्यांचे दिवससुद्धा झाले नव्हते आणि मी बंदूक खांद्यावर टाकून ठाण्याची वाट धरली. लोकांनी नावं ठेवली. चुलते म्हणाले, "अरे, तेरवी तर होऊ दे. कोन पाहाले येते?" मी म्हटलं, कोणी पाहायला येत नाही म्हणूनच नेऊन देतो. मग माझ्या नावानं अर्ज, त्यावर चौकशी, वावर किती, जनावर कोणतं, गावात भांडण आहे का, घरात कोणी वेडं आहे का. कागद मोर्शीच्या तहसिलीतून अमरावतीला गेला, अमरावतीहून परत आला, पुन्हा गेला. तेवढ्यात जवारीचा एक हंगाम डुकरांनी नेला. दुसऱ्या वर्षी, हुरडा निघायच्या आधी, बंदूक माझ्या नावावर होऊन घरी आली. सरकारी मालखान्यात गेलेली वस्तू परत यायला काय लागतं, ते मला त्या वर्षी समजलं.

त्यानंतर माझं लग्न झालं. आमच्या घरची दर्यापूरची. बंदूक तिनं आमच्या घरात पहिल्यांदा पाहिली. ओसरीत खुंटीवर टांगलेली असायची, आणि ती खुंटीखालून जायची नाही. पाण्याची कळशी घेऊन सगळी ओसरी वळसा घालून जायची. माझी आई हसायची. मी एकदा म्हटलं, "रिकामी हाय ते. टोपीशिवाय उडत नाही."

ती म्हणाली, "रिकामी हाय, हे तिले माहीत हाय का?"

मी उठून वावरात गेलो.

पहिल्या दसऱ्याला शस्त्राच्या पूजेसाठी मी बंदूक पाटावर ठेवली, आईनं शेजारी विळा, कुऱ्हाड मांडली. नव्या सुनेला पूजा करायला सांगितली. तिनं विळ्याला, कुऱ्हाडीला हळदकुंकू वाहिलं, आणि बंदुकीला मात्र शेंदूर लावला. शेंदूर मारुतीला लावतात, वेशीवरच्या देवाला लावतात. बंदुकीला लावलेला आईनं कधी पाहिला नव्हता. पण लावला तर लावला, देवाचंच काम. पुढच्या दसऱ्याला पुन्हा लावला, त्याच जागी, आधीच्या थरावर. तिळाचं तेल महाग म्हणून ती घरच्या जवसाच्या तेलात शेंदूर कालवायची. जवसाचं तेल वाळलं की दगड होतं. चारदोन दसऱ्यांत नळीच्या बुडाशी चांगला जाड, गोल, भगवा गोळा बसला. गावातले लोक घरी आले की खुंटीकडे पाहून हात जोडायला लागले. आता खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. गावात दुसऱ्या कोणाच्या बंदुकीला कोणी हात जोडत नव्हतं. दुसऱ्या कोणाकडे बंदूकच नव्हती, हा भाग वेगळा.

मग आम्हाला मुलगी झाली. ती रांगायला लागली त्या दसऱ्याला आमच्या घरचीनं आणखी एक गोष्ट केली. माहेरच्या सोनाराकडून चांदीचे दोन डोळे करून आणले होते, देवाच्या मूर्तीला लावतात तसे. ते तिनं ओल्या शेंदरात बसवले. आता बंदूक खुंटीवरून सगळ्या ओसरीकडे पाहायची. मी नेम धरायला लाकडी दस्त्यावर गाल टेकवला की ते डोळे माझ्या डोळ्याशी येत आणि माझ्याकडे पाहत. पहिल्यांदा दचकलो. मग सवय झाली. काहून लावले, हे मी विचारलं नाही. बायकोला असलं विचारणं मला कमीपणाचं वाटायचं.

त्याच हिवाळ्यात परवान्याची तारीख आली. जवारी दाण्यावर होती, डोंगरातून डुकरं उतरायला लागली होती. मी बैलांची दमणी जुंपली. पोरीला सरकारी दवाखान्यात देवीची लस टोचून घ्यायची राहिली होती, म्हणून आमच्या घरचीही निघाली. रिकामी बंदूक घोंगडीत गुंडाळून माझ्या मांडीशी, परवाना बंडीच्या खिशात, पोरगी तिच्या मांडीवर. मोर्शीला पोचलो, पोरीला टोचलं, पोरीनं दवाखाना डोक्यावर घेतला, आणि आम्ही तहसिलीत आलो.

आधीचा कारकून वडिलांच्या ओळखीचा होता. तो बंदुकीकडे पाहायचा, कागदाकडे पाहायचा, "तीच," म्हणायचा आणि कागद पुढे सरकवायचा. या वर्षी तो बदलून गेला होता. नवा कारकून तरणा, अकोल्याच्या जुन्या शहरातला, काळी टोपी, बारीक चष्मा. तहसीलदारही नवे. त्यांचा हुकूम असा की नंबर कागदावरून उतरायचा नाही, बंदुकीवरून डोळ्यांनी पाहून लिहायचा.

मी घोंगडी सोडून बंदूक टेबलावर ठेवली. चांदीचे डोळे वर. कारकून पाहतच राहिला.

"हे काय आहे?"

"बंदूक," मी म्हटलं.

"बंदूक दिसते. हे वर काय आहे?"

"शेंदूर हाय."

"आणि नंबर कुठे आहे?"

"त्याच्या खाली."

मी त्याला नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला, इंग्रजी आकड्यांत. त्यानं परवान्यावर पाहिलं, बरोबर निघाला. मला वाटलं झालं. तो म्हणाला, "पाटील, कागदावर काय आहे ते मलाही वाचता येतं. मला लोखंडावरचा पाहिजे. उद्या कोणी दुसरी बंदूक आणली, वर शेंदूर थापला आणि तुमच्यासारखा नंबर म्हटला, तर?"

"मी दुसरी आनीन असं वाटते तुमाले?"

"मला काहीच वाटत नाही. मला नंबर लिहायचा आहे." त्यानं बोरू छिलायचा चाकू माझ्यापुढे ठेवला. "खरवडा."

मी म्हटलं, "मी देवाले चाकू लावत नाही."

"देव? परवान्यावर बंदूक लिहिलं आहे."

"परवान्यावर लिहिलं हाय तुमच्या लोकांनी. पूजा केली आमी."

तो चिडला. चपराशाला हाक मारली. म्हातारा होता, मोठ्या मिशांचा. चाकू हातात घेऊन तो पुढे आला, त्यानं ते डोळे पाहिले आणि चाकू हळूच टेबलावर ठेवून दिला. "बाबूजी, माह्यानं होत नाई. लेकराबाळाचा मानूस हाय मी."

"अरे, बंदूक आहे ती."

"असन बंदूक. पाहून राहिली ना माह्याकडे."

मग कारकुनानं स्वतः चाकू उचलला. शेंदराजवळ नेला. टोपी नीट केली. चष्मा पुसला. आणि चाकू मिटवून खिशात टाकला. "तुमची वस्तू आहे," तो म्हणाला, "तुम्हीच काढा. मी कशाला."

मी काही काढणार नव्हतो. मी एकदा नाही म्हटलं की नाही. दारात आमच्या घरची पोरीला खांद्यावर थोपटत उभी होती, मला तिच्यासमोर चाकू घ्यायचाच नव्हता. असे आम्ही एकमेकांसमोर बसून राहिलो, मी, कारकून आणि मधे बंदूक. शेवटी त्यानं आत जाऊन तहसीलदारांना सांगितलं.

तहसीलदार बाहेर आले. नागपूरकडचे, शांत माणूस. बंदूक पाहिली, हात लावला नाही. म्हणाले, "पाटील, सरळ सांगतो. उद्या मी दौऱ्यावर निघतो. आज कचेरी बंद व्हायच्या आत नंबर दिसला, तर शिक्का आजच मारतो. नाही दिसला, तर बंदूक मालखान्यात जमा होईल आणि कागद अमरावतीला जाईल. मग ते तिथले साहेब पाहतील."

मला पुढचं सगळं दिसलं. कागद जाईल, येईल, पुन्हा जाईल, आणि जवारी तोवर डुकरांच्या पोटात. पण तोंडातून हो निघेना.

त्यांनी मग विचारलं, "शेंदूर कोणी लावला?"

कारकुनानं मान वर केली. मला प्रश्न समजला. परवानेदाराशिवाय दुसऱ्यानं बंदूक हाताळली, तर तोही गुन्हा. मी म्हटलं, "मीनं लावला."

दारातून आवाज आला, "मीनं लावला."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण मागे सरली नाही. आमच्या घरची माणसांसमोर बोलायची नाही. माझ्या चुलत्यांसमोर ती कधी एक शब्द बोलली नव्हती, आणि इथे तहसीलदारासमोर बोलत होती.

तहसीलदार म्हणाले, "बाई, तुम्ही बंदूक हातात घेतली होती?"

"हातात कशाले घेऊ? पाटावर होती ते. देवाले कोनी हातात घेते का?"

म्हातारा चपराशी मिशीत हसला. तहसीलदारांनी त्याच्याकडे पाहिलं, मग हसू आवरत तिला विचारलं, "आणि हे डोळे?"

पोरीचा टोचलेला हात लाल झाला होता, ती त्यावर हळूहळू फुंकर घालत राहिली. मग म्हणाली, "माह्या मामाच्या हातात बंदूक फुटली, साहेब. अकोल्याले. वरातीत उडवून राहिले होते. मामाचा हात गेला पंज्यापासून. मी लहान, मामाच्या बाजूलेच. सारे म्हनत, काय करावं, बंदुकीले काय दिसते समोर कोन हाय, बाजूले कोन हाय. ते माह्या डोक्यात राहिलं. ही पोरगी रांगाले लागली, ते त्या खुंटीखालीच जाऊन बसते. मी म्हटलं, बंदुकीले दिसत नाही तर दिसलं पाहिजे. म्हनून डोळे लावले."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि मामाचा हात मला त्या दिवशी कचेरीत समजला. मामा आमच्या लग्नात होता. उपरण्याखाली हात झाकून बसला होता. मी समजलो होतो, ऐट करतो.

कारकून हळूच म्हणाला, "अकोल्याला कुठं? जुन्या शहरात?"

"हाव. मोर्णा नदीच्या पल्याड."

"आमच्याच गल्लीत," तो म्हणाला. नंतर सगळा वेळ तो तिला ताई म्हणत होता.

तिनं मग मला विचारलं, सगळ्यांसमोर, पण जणू घरी विचारते तसं. "काहो, खोळ काढू का?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. देवाच्या मूर्तीवर शेंदराचे थर चढत चढत जाड कवच होतं, त्याला खोळ म्हणतात. कधीतरी ती खोळ सुटते किंवा पूजा करून सोडवतात, आणि वाहत्या पाण्यात शिरवतात, म्हणजे सोडून देतात. त्यानं देवाचा अपमान होत नाही. चाकूनं खरवडणं वेगळं आणि खोळ सोडवणं वेगळं. हे मला सुचायला पाहिजे होतं. सुचलं नाही, कारण मी भांडत होतो.

मी म्हटलं, "काढ."

कचेरीच्या आवारात निंबाचं झाड होतं, त्याखाली आम्ही बसलो. चपराशानं आपल्या घरून वाटीभर तेल आणलं, तीन दगड मांडून काड्या पेटवून कोमट केलं. पोरगी त्याच्याच खांद्यावर गेली आणि मिशा ओढायला लागली. कारकून खुर्ची घेऊन समोर बसला. त्याला पाहावं लागत होतं. नियम असा की बंदूक परवानेदाराच्या हातात पाहिजे. म्हणून मी मांडी घातली, बंदूक मांडीवर आडवी धरली, दोन्ही हातांनी, आणि ती माझ्यासमोर बसून चिंधी तेलात बुडवून शेंदरावर ठेवायला लागली. तिची बोटं फक्त शेंदराला लागत होती. लोखंडाला लागली की कारकून खोकायचा. एकदोनदा खोकला, मग त्यानं खोकणं सोडून दिलं.

आमच्या घरात दिवसाउजेडी नवराबायको एवढ्या जवळ बसत नसत. बंदूक मधे, माझे गुडघे आणि तिचे गुडघे लागलेले, तिचं डोकं माझ्या छातीशी वाकलेलं. पदरातून जवसाच्या तेलाचा आणि पोरीच्या दुधाचा वास येत होता. येणारेजाणारे पाहत होते. मी कोणाकडे पाहिलं नाही.

मी हळूच म्हटलं, "मामाचं सांगितलं नाही कधी."

"तुमी कधी इचारलं?"

"सांगायचं होतं तूनं."

"काय सांगायचं? तुमची तर ते बापाची बंदूक. मी म्हटलं असतं काढा घरातून, तं तुमी मलेच काढलं असतं."

"तसं काही नाही."

"हाव ना," ती म्हणाली, आणि चिंधी पिळली.

तेल मुरलं. तिनं अंगठ्यानं कडेकडेनं दाबत दाबत किनार सोडवली. मग तोंडानं काहीतरी पुटपुटली, दोन्ही हात जोडून बंदुकीला लावले, म्हणजे माझ्या मांडीलाच लावले, आणि खोळ उचलली. ती एकसंध आली. डोळ्यांसकट. जवसाच्या तेलानं तिला असं घट्ट केलं होतं की एक कोपरासुद्धा मोडला नाही.

खाली लोखंड चकचकीत. बाकी नळीला कितीही जपलं तरी पावसाळ्यात गंज धरायचा, पण तेवढी जागा कारखान्यातून आल्यासारखी होती. आणि त्यात नंबर. कारकून खुर्चीवरून उठून खाली बसला, एकेक आकडा वाचायला लागला. त्याच्याबरोबर मीही म्हटला. शेवटच्या साताला आमचा दोघांचा आवाज एकदम आला. तो म्हणाला, "बरोबर," आणि हातातली वही बाजूला ठेवून आधी बंदुकीला नमस्कार केला. मग नंबर लिहिला.

शिक्का मारताना तहसीलदार म्हणाले, "बाई, पुढच्या दसऱ्याला पूजा करा. पण शेंदूर लाकडाच्या दस्त्याला लावा. नंबर झाकू नका."

ती म्हणाली, "दस्ता तं मागं असते, साहेब. मागून तिले समोरचं काय दिसन?"

तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार, तेवढ्यात तीच माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग समोरचं तुमीच पाह्यजा."

मी मान डोलावली. एवढंच.

परत येताना वाटेत नदी लागते. हिवाळ्याचं पाणी, बैलांच्या गुडघ्याएवढं. ती खोळ शिरवायला खाली उतरली. पदरातून काढली, पाण्याशी नेली, उलटी करून पाहिली आणि तशीच उभी राहिली. मी दमणीवरून ओरडलो, "सोड ना, पोरगी थंडीत हाय."

ती खोळ घेऊन परत आली. आतल्या बाजूला नंबर उठला होता. उलटा, पण सगळा. "यात तुमचा नंबर हाय," ती म्हणाली. "हा कसा सोडू पान्यात?"

"माझा कशाचा? बंदुकीचा नंबर हाय तो."

"तेच ते," म्हणाली आणि दमणीत चढून बसली.

खोळ देव्हाऱ्यात गेली. डोळे तिनं काढून पुढच्या दसऱ्याला दस्त्याला बसवले. नेम धरताना ते आता माझ्या गालाखाली यायचे, गार लागायचे. आणि मला एक खोड लागली. बार काढायच्या आधी मी ओरडायचो, "कोन हाय रे?" जवारीत काही हललं की आधी ओरड, मग थांब, मग पुन्हा ओरड. कडबा कापायला कोणी बाई बसलेली असेल, कोणाचं वासरू सुटलं असेल. कोणी नसेल तरच घोडा ओढायचा. आता एवढं विचारल्यावर कोणतं डुक्कर थांबतं? वीस हात लांबूनच पळायचं. गावात पोरं म्हणायची, "पाटील डुकराले आधी नोटीस देते." देऊ द्या म्हटलं. जवारी तर घरी येत होती. दारू आणि टोप्याही वर्षवर्ष पुरायच्या, आणि तपासणीला कारकून विचारायचा, एवढ्या उरल्या कशा.

मुलगी मोठी झाली, तिच्या घरी गेली. तिच्या पाठची पोरं वेगळी झाली. आमच्या घरची वारली. मोतीबिंदूनं माझे डोळे धरले, आधी एक, मग दुसरा. दवाखान्यात म्हणाले, पिकू द्या, मग काढू. त्या हिवाळ्यात मी धुऱ्यावर बसलो होतो, सांज व्हायची होती. जवारी सळसळली. मी ओरडलो, "कोन हाय रे?" कोणी बोललं नाही. पुन्हा ओरडलो. कोणी बोललं नाही. बंदूक खांद्याला लावली, गालाखाली ते गार डोळे लागले, आणि समोर मला जवारी दिसत नव्हती, नुसता पिवळा धूर. मी बंदूक खाली घेतली. टोपी काढून खिशात टाकली.

घरी येऊन पोरांना सांगितलं, परवाना परत करतो. पोरं म्हणाली, "कोन पाहाले येते, बाबा? मुदत संपेपर्यंत राहू द्या. आमी चालवू." नावावर माझ्या, हातात तुमच्या, हे होत नाही म्हटलं. नियम काढला की पोरांना राग येतो. खरं कारण मी सांगितलं नाही. ते त्यांच्या आईचं आणि माझं होतं.

मोर्शीला गेलो. कारकून नवा, सगळे नवे. निंबाचं झाड तेच. त्यानं विचारलं, "कारण काय लिहू?"

"समोरचं दिसत नाही," मी म्हटलं.

त्यानं नंबर स्वच्छ वाचला, लिहिला. मग दस्त्यावरचे डोळे पाहून म्हणाला, "चांदी आहे, पाटील. हे मालखान्यात घेता येत नाही. काढून न्या."

मी त्याच्याकडून थोडं तेल मागितलं. दिव्याचं होतं. अंगठ्यानं कडेकडेनं दाबत बसलो, जसं तिनं केलं होतं तसं. मला वेळ लागला. कोणी घाई केली नाही. बंदूक शेवटपर्यंत माझ्या मांडीवर होती, परवानेदाराच्या हातात.

डोळे घरी आणून मी देव्हाऱ्यातल्या खोळीवर त्यांच्या जुन्या खळग्यात बसवले. बरोबर बसले. रोज आंघोळ झाली की ती खोळ उचलतो, उलटी करतो. उलटे आकडे आता मला दिसत नाहीत. पण बोटाला लागतात. खुर्चीवानी चार आहे, आणि शेवटी एका पायाचा सात, तोंड फिरवून उभा.